कच्ची पपई

हंगामाच्या सणाला एस्तेरमावशी चर्चमध्ये कच्ची पपई आणायच्या. बाकीचे लोक भोपळे, गहू, पाय बांधलेली कोंबडी असं आपल्याकडचं उत्तम ते आणत, आणि उपासना संपली की आवारात त्याचा लिलाव होई. लिलाव करणारे काका दरवर्षी ती हिरवीगार पपई वर धरून विचारत, आज कुणाच्या घरी कोशिंबीर आहे का? लोक हसत. मावशीही हसत.

"पिकल्यावर कुणी बी उपकार मानतंय," त्या म्हणत. "म्या हिरव्यातच मानते."

पुंडलिकनगरात त्या आमच्या समोर राहायच्या. मूळच्या कन्नड तालुक्यातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. अंगणात पपईचं एकच झाड. आईशी त्यांची रोजची ऊठबस होती. माझ्याशी बोलणं बेताचं, कारण मीच बेताचं बोलायचे. मी इंग्रजी शाळेतली, माझ्या प्रार्थनाही तिथंच पाठ झालेल्या. मावशी मात्र देवाशी शेजाऱ्याशी बोलावं तशा बोलत. ते कानावर आलं की मी खिडकीबाहेर बघायचे.

एकदा त्यांच्याबरोबर कन्नडला गेले. एसटी यायच्या आधीच त्यांनी जागा दिल्याबद्दल प्रभूचे आभार मानून टाकले. गाडी आली ती खच्चून भरलेली. आम्ही पूर्ण रस्ता उभ्यानं गेलो. मी हळूच आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "पाय तर दिलेत न्हवं?" आणि दांडा धरून खुशाल डुलक्या घेऊ लागल्या.

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा माझ्या आतलं काहीतरी बंद पडलं. मी औषधं आणली, नातेवाइकांना फोन केले, डॉक्टरांचं नीट ऐकून घेतलं. रडू आलं नाही. प्रार्थना करायला बसले की पाठ असलेले शब्द एकामागून एक निघून जात आणि मी नुसती बसलेली असे.

आईला ऑपरेशनला आत नेलं त्या सकाळी मावशी दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी होत्या. डोळे मिटून, चांगल्या मोठ्यानं, त्या म्हणाल्या, "प्रभू, तू हिला बरं केलंस. तुझे लई उपकार." पलीकडचे लोक वळून बघायला लागले.

"मावशी, अजून सुरूही झालेलं नाही," मी म्हणाले.

"तुझ्यासाठी नाय झालं."

"आणि ती बरी नाही झाली तर?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तर बी मानीन," म्हणाल्या. "लई रडून मानीन, पण मानीन."

आई बरी झाली. गाठ साधी निघाली. आई पुन्हा चर्चला आली त्या रविवारी पाळकांनी विचारलं, देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष कुणाला द्यायची आहे का. मावशींनी मला कोपरानं ढोसलं. मी उभी राहिले. सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती, आई शेजारी होती, जिवंत, आणि मला काहीही वाटत नव्हतं. एक शब्द फुटला नाही. तशीच खाली बसले.

बाहेर आल्यावर मी मावशींना खरं ते सांगितलं. मला वाटलं, रागावतील.

"नाय वाटलं तर नाय वाटलं," त्या म्हणाल्या. "उभी राहिलीस न्हवं? वाटणं येतंय मागनं. त्याला काय घाई."

पुढच्या वर्षी मावशींचं हृदय थकलं. आई सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन जायची. मी संध्याकाळी जाऊन बसायचे. बरं केल्याबद्दल त्यांनी अर्थातच आधीच आभार मानले होते. मी विचारलं, भीती नाही वाटत? "वाटती की," त्या म्हणाल्या. "उपकार मानले म्हणून भीती थोडीच जाती? दोन्ही बसतात शेजारी-शेजारी." मग मला झाडाला पाणी घालायला पाठवलं.

सणाला थोडे दिवस राहिले असताना त्या गेल्या. कबरस्तानात आई खूप रडली, आणि रडता रडता प्रभूचे आभारही मानत होती. मी तिचा हात धरला होता. पाळकांच्या झग्याला खाली चिखल लागलाय, एवढंच मला दिसत होतं.

सणाच्या सकाळी मी मावशींच्या अंगणात गेले. इतके दिवस कुणी हात न लावल्यामुळे झाडाला दोन पपया छान पिवळ्या झाल्या होत्या. मी वरची हिरवी काढली. बोटांना चीक लागला.

लिलावात काकांनी ती उचलली. कोशिंबिरीचं काही बोलले नाहीत. सवयीनं स्त्रिया बसल्या होत्या तिकडे बघितलं आणि थांबून विचारलं, "ही कुणी आणली?"

मी उभी राहिले.

"एस्तेरमावशींची आहे," मी म्हणाले. "आईला बरं केलं, त्याबद्दल."

आवारात कुणी हसलं नाही. आईनं माझा हात धरला. मला अजून काही वाटत नव्हतं. पण खाली बसायची घाईही नव्हती, म्हणून मी उभीच राहिले.