देवांपुढची पट्टी

अल नहदाच्या नव्या फ्लॅटमध्ये सामान लावताना देवांच्या फळीची बोटभर उंच लाकडी पट्टी हाती आली आणि उम्म अल कुवैनच्या बंदरातली ती शिडाची बोट आठवली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा गेले, पुण्याचं घर विकलं आणि आईला आम्ही इकडे आखातात, मनखूलच्या आमच्या घरी आणलं. पण ती पाहुणीसारखीच वागे. घराला ‘तुमच्याकडे’ म्हणे, आणि तिचे देव बॅगेत गुंडाळलेलेच असत. नवऱ्याच्या ऑफिसातले वसईचे एक कलीग रिटायर होऊन बायकोसह बोटीवरच राहत होते, थोड्या दिवसांत मालदीवच्या बेटांकडे निघणार होते. त्यांनी एका शुक्रवारी चहाला बोलावलं. “घरदार सोडून हे काय खूळ!” आई गाडीत पुटपुटली. “यल्ला, चला आंटी, चपला इथंच काढा,” बोटीवर चढताना त्यांची बायको म्हणाली, तशी आई जरा सैलावली. आत डिझेलचा आणि आल्याचा वास होता. कपातला चहासुद्धा डुलत होता, पण फळीवरची छोटी मदर मेरी जागची हलत नव्हती. “लाटांत पडत नाही?” आईनं विचारलं. “पुढे पट्टी मारलीय ना. आधी बॅगेतच ठेवायचे तिला. मग म्हटलं, राहतोय तर इथंच.” परतताना शारजा मागे पडल्यावर आई म्हणाली, “अगं, तशी पट्टी आपल्याकडे बसेल का?” नवऱ्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. आज आई नाही, घरंही बरीच बदलली, पण नव्या घरात नवरा पडद्यांच्याही आधी पट्टी ठोकतो.