मामांची मान्ती

उत्साह म्हणजे काय हे ज्याला पाहायचं असेल, त्याने अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला येऊन माझ्या बायकोच्या मामांना शनिवारी सकाळी गाठावं. पस्तीस वर्षं त्यांनी गाड्यांचे ब्रेक डिझाइन केले, स्वतःला मात्र बसवायचे राहून गेले. मामी गेल्यानंतर वर्षभर मामांचं घर अगदी गप्प होतं. मग एक दिवस शेजारच्या उझबेक आजींनी कुंपणावरून एक ताटली पुढे केली. कणकेच्या पातळ पारीत भोपळा-कांद्याचं सारण, चारी कोपरे वर चिमटलेले, मजल्यामजल्यांच्या भांड्यात पाऊण तास वाफवलेले. पाचव्या मिनिटाला मला ऑफिसात फोन. "जावईबापू, मीटिंग कॅन्सल करा! आपल्या मोदकाची सख्खी बहीण सापडली! मान्ती म्हणतात हिला!"

तेव्हापासून दर शनिवारी मामा मान्ती करत आणि आपा ती तपासत. शेजारच्या त्या आजींनाच मामा आपा म्हणत; आपा म्हणजे मोठी बहीण. वयाने मामाच दोन वर्षांनी मोठे, पण परीक्षकाशी वाद कोण घालणार? मामा पारीची जाडी व्हर्नियरने मोजत. एकदा सारणात गोडा मसाला घातला, तेव्हा आपांनी नुसतं पाणी मागितलं. पण खरी अडचण मामांच्या हातात होती. मान्तीचे कोपरे चिमटताना मधे फटी सोडायच्या असतात, म्हणजे वाफ आत शिरते. मामांची बोटं मात्र आपोआप मोदकाच्या कळ्या पाडून टोक गच्च बंद करत. आपा बोटाने भोक पाडून दाखवत आणि मामा कळवळत, "अहो आपा, धिस विल लीक! आयुष्यभर मी लीक थांबवले, आता मुद्दाम ठेवू?" दोन वर्षं ते दर शनिवारी नापास होत होते आणि दर रविवारी नव्या जोमाने भोपळा आणत होते.

यंदा ऑगस्टमध्ये आपांच्या मुलाने त्यांना कॅलिफोर्नियाला न्यायचं ठरवलं. मामांच्या हाती एकच शनिवार उरला. "आज पास व्हायचंच!" म्हणत त्यांनी आम्हा दोघांना पहाटेच बोलावून घेतलं. मी भोपळा चिरला, बायकोने पाऱ्या लाटल्या आणि मामांनी दात-ओठ खात, एकेका मान्तीला चार चार फटी सोडल्या. वाफ आत गेली. काहीही लीक झालं नाही. आपांनी एक खाल्ली, दुसरी खाल्ली, सहावी खाल्ली, मग हात पुसून मामांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "नाऊ यू टीच."

मी टाळ्या वाजवल्या. मामा टुणकन उडी मारतील अशी माझी खात्री होती, पण त्याच दुपारी आपा मुलाबरोबर निघाल्या आणि त्यांची गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते दारातच उभे राहिले. "पास झालो हो, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "पण आता शनिवारी नापास कोण करणार मला?" मी ताटलीत उरलेली मान्ती उचलून तोंडात टाकली, आणि खरं सांगतो, ती फारच सुरेख झाली होती.