बाईंना हवा असलेला उशीर

जळगावात पंपदुरुस्तीच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. तिथे आम्ही तिघं सॉफ्टवेअर लिहितो. धुळ्याच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष एकदा तो जिना चढून आले, दम खाल्ला आणि म्हणाले, "चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची एक शाळा आहे. पाचवीला गणिताचा शिक्षक टिकत नाही. धुळ्यातून शिकवायचं. पण टीव्हीसारखं नको, समोरासमोर बोलल्यासारखं हवं."

आम्ही माना डोलावल्या आणि मी टीव्हीसारखंच बनवलं, कारण तेवढंच मला येत होतं. यात धुळ्यातल्या फोनचं चित्र क्लाउडवर, म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या संगणकांवर जायचं. तिथे त्याचे तुकडे व्हायचे आणि शाळेतला पडदा दोन-तीन तुकडे हाताशी जमल्याशिवाय काही दाखवायचा नाही. या सगळ्यात आठ सेकंद जात. मुलांना टॅबलेट दिले होते. त्यावर उत्तर लिहून पाठवलं की ते शिकवणाऱ्याच्या पडद्यावर मुलाच्या नावासमोर लगेच उमटे. म्हणजे जाताना उशीर होता, येताना नव्हता.

शिकवायला संस्थेने एक निवृत्त बाई शोधल्या होत्या. फोनचा स्टँड आणि लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या घरी धुळ्याला गेले. दार उघडलं तर समोर माझ्याच बाई. पाचवी-सहावीला मला गणित त्यांनी शिकवलं होतं. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली, बाकसुद्धा सांगितला.

"आठवत नाही," बाई म्हणाल्या. "म्हणजे तू फार हुशारही नसशील आणि फार वाह्यातही नसशील. बस."

मला मात्र त्या नीट आठवत होत्या. प्रश्न विचारायचा, बोटाने हवेत एक-दोन मोजायचं आणि "बस, पुढची!" म्हणायचं, ही त्यांची पद्धत. माझे अब्बा यंत्रमागावरचे मिस्त्री. मुलीला सरकारी कचेरीत अडायला नको म्हणून त्यांनी मला मराठी शाळेत घातलं होतं. घरी आम्ही हिंदी बोलायचो, पाढेही त्यातच. बाईंचा प्रश्न मी मनात घरच्या भाषेत न्यायची, उत्तर काढायची, ते मराठीत आणायची, आणि तोंड उघडेपर्यंत बाई माझ्यामागच्या बाकावर पोचलेल्या असायच्या. दोन वर्षं मी उत्तर माहीत असताना खाली बसले.

पहिल्या तासाला बाईंनी विचारलं, "सात आठ्ठे?"

पडदा कोरा.

"मुलं आहेत ना तिथे?" त्यांनी मला विचारलं. मी हो म्हणेपर्यंत त्या म्हणाल्या, "बस, पुढचं. नऊ सक?" तेवढ्यात पडद्यावर छप्पन्न, छप्पन्न, छप्पन्न असं उमटायला लागलं. बाईंनी वहीत सगळ्यांच्या नावापुढे फुल्या मारल्या. बारा चोक विचारल्यावर चोपन्नची रांग आली. पुन्हा फुल्या. अर्ध्या तासात बावीस मुलांचा वर्ग नापास झाला.

मी उशिराचं समजावून सांगितलं आणि म्हटलं, "बाई, प्रश्न विचारलात की वीसपर्यंत मोजा."

"वर्गात उभं राहून नुसतं मोजायचं?"

"हो."

त्यांना नुसतं मोजणं जमेना. मग त्या प्रश्न विचारून चष्मा पुसायच्या, पाणी प्यायच्या, फळ्याचा स्वच्छ कोपरा आणखी स्वच्छ करायच्या. उत्तर आलं नाही तरी त्यांना घाई करता येत नव्हती. ती शांतता लाइनची की मुलाची, हे कळायला मार्गच नव्हता. लाइनवर त्यांचा विश्वास नव्हता, त्यामुळे संशयाचा फायदा मुलांना मिळत होता.

इकडे मी दुसऱ्या पद्धतीच्या मागे लागले होते. तिच्यात तुकडे साठवत नाहीत, आवाज आणि चित्र येईल तसं पुढे ढकलतात. त्यासाठी क्लाउडवर एक खोली उघडायची आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला एक टोकन, म्हणजे मुदतीचा प्रवेशपास द्यायचा. एका चाचणीच्या दिवशी मी पासाची मुदत अर्ध्या तासाची ठेवली. तास पाऊण तासाचा होता. शाळेत पडदा सांभाळणाऱ्या गावातल्या ताईचा तास संपताना मला निरोप आला : "बाई गयात." म्हणजे बाई गेल्या.

मी धुळ्याला फोन लावला. "बाई, तुम्ही आहात ना?"

"अजून आहे," बाई म्हणाल्या. "अपूर्णांक चालले आहेत."

पंधरा मिनिटं त्या रिकाम्या खोलीला अपूर्णांक शिकवत होत्या. मी मुदत वाढवली.

दीड महिन्याने ते जमलं. उशीर अर्ध्या सेकंदाच्या आत आला. मुलांचे चेहरे दिसू लागले, आवाज ऐकू येऊ लागले. अध्यक्षांनी पेढे पाठवले. आम्ही तिघांनी ते एका दुपारीच संपवले.

आठवड्याने बाईंचा फोन आला, "आलीस तर बरं." मी यष्टीने धुळ्याला गेले. त्यांनी वही पुढे केली. कोणत्या तासाला कोणी उत्तर दिलं, हे त्या टिपून ठेवत. आधीच्या पानांवर बहुतेक सगळ्या नावांपुढे बरोबरच्या खुणा होत्या. नव्या पानांवर चार-पाच नावांपुढेच. एका नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही मुलगी बघ. घरी पावरी बोलतात. सगळ्यात उशिरा उत्तर पाठवायची, पण चुकायची नाही. आता पुढच्या रांगेतली मुलं ओरडतात, मी पुढे जाते आणि ही टॅबलेट झाकून बसते. मला दिसतं ते. पूर्वी दिसत नव्हतं." त्यांनी वही मिटली. "तो उशीर मला परत दे."

"बाई, तो घालवायला मी दीड महिना घातला."

"मग परत आणायला कमी लागेल."

"तुम्ही नुसत्या थांबलात तरी चालेल की."

"पस्तीस वर्षांत थांबले नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या हातात ठेवू नकोस."

मी ते बोलणार नव्हते, पण बोलून गेले. "बाई, तुम्ही मलाही 'बस' म्हणायचात. मला उत्तर येत असायचं."

"म्हटलं असेन," त्या म्हणाल्या. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. टेबलावरचा कागद सरळ केला आणि विचारलं, "किती वेळ लागायचा तुला?"

"सहा-सात सेकंद."

"मग आठ ठेव."

येताना यष्टीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण पारोळ्यापर्यंत मी बाहेर काही पाहिलं नाही.

जळगावात येऊन मी ते लिहिलं. बाईंनी प्रश्न विचारून बटण दाबलं की वर्गाचा माइक बंद होई. आठ सेकंद मुलांची उत्तरं क्लाउडवरच अडवून ठेवायची आणि मग सगळी एकदम बाईंच्या पडद्यावर सोडायची. कोण पहिलं आलं, हे बाईंनाही कळू द्यायचं नाही. काम दोन दिवसांत झालं. अध्यक्षांनी एक तास पाहिला आणि काळजीने विचारलं, "तो बिघाड परत आला का?"

"नाही," मी म्हटलं. "हा मी केलाय."

त्यांनी बिल वाढलं नाही ना एवढं पाहिलं आणि विषय सोडला.

परीक्षा झाल्यावर बाईंना शाळा बघायची होती. चोपड्यापर्यंत यष्टी, पुढे काळीपिवळी जीप. आम्ही वर्गात शिरलो तेव्हा मुलं उभी राहिली आणि बाईंकडे बघत राहिली. बाईंना त्यांनी रोज खांद्यापर्यंतच पाहिलं होतं, तेही भिंतीएवढ्या पडद्यावर. शेवटी मागच्या रांगेतून बाईंनी वहीत दाखवलेली ती मुलगी पुढे आली, बाईंच्या जवळ उभी राहिली, आपल्या डोक्यापासून त्यांच्या डोक्यापर्यंत हाताने माप घेतलं आणि म्हणाली, "बाई, तुम्ही त धाकल्या शेतस!"

"हो, बुटकीच," बाई म्हणाल्या, "पहिल्यापासून."

जूनमध्ये ती मुलगी सहावीसाठी चोपड्याच्या वसतिगृहात गेली. तिथे पडदा नाही, खडू आणि फळा आहे. ऑगस्टमध्ये बाईंनी तिथल्या अधीक्षिकेला फोन करून विचारलं, मुलगी वर्गात बोलते का? अधीक्षिका म्हणाल्या, गप्पच बसत नाही; तक्रार करायला आम्हीच तुम्हाला फोन करणार होतो.