रेवाच्या उंचीवरून कोष्टीपुरा

पुण्याला निघाले तेव्हा भंडाऱ्याच्या बसस्टँडवर मी रडत होते आणि बाबा चिडले होते. "कायले रडून राहिली? तुले कोणी हाकललं काय? ताठ मानेनं जा," म्हणाले, आणि एसटी हलायच्या आधीच सायकलवर टांग मारून निघून गेले. पुढं पुण्यात नोकरी, लग्न, दहाव्या मजल्यावर फ्लॅट, सगळं झालं. "भंडारा म्हणजे नागपूरच ना?" असं कुणी विचारलं की मी आजही "नाही, भंडारा म्हणजे भंडारा" असंच सांगते. लोक हसतात. हसू देत.

आपल्या कोष्टीपुऱ्यातल्या तुम्हा सगळ्यांना कळावं म्हणून हे लिहितेय. माझी तिसरीतली लेक रेवा हिला शाळेच्या प्रदर्शनासाठी फोटो काढायचे होते. विषय, 'माझी वस्ती'. आधी ती सोसायटीत फिरली. बंद दारं, चपलांचे रॅक, लिफ्ट. कुणीतरी "परवानगी घेतली का?" विचारलं आणि संध्याकाळी व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आवारात फोटो काढू नयेत' अशी सेक्रेटरींची सूचना आली. मग दिवाळीत आम्ही भंडाऱ्याला आलो, आणि पोरीनं माझा मोबाइल परत दिलाच नाही.

दुपारी कोष्टीपुरा जेवून लवंडलेला असतो. एकट्या बाबांचा माग खटखटत असतो, बाकीचे कधीच मोडीत निघाले. त्या शांततेत रेवा घराघरांत शिरली. समोरच्या चंद्रकलाकाकू ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या.

"आजी, तुमचं दार उघडंच का असतं?" तिनं विचारलं.

"लावून का करू बापा? मंग येन कोण?" काकू म्हणाल्या. "काढ फोटो. पण डोस्कं कापू नको माह्यं."

डोकं कापलंच. सगळ्यांचंच कापलं. तिच्या उंचीला जे दिसलं तेवढं आलं: मागाच्या पावड्या दाबणारे बाबांचे पाय, काकूंचं सूप, ओट्याखाली झोपलेलं कुत्रं, वाळत घातलेल्या लुगड्याखालून दिसणारी अख्खी गल्ली. मी त्या गल्लीत लहानाची मोठी झाले, पण ती इतकी देखणी आहे हे मला पोरीनं दाखवलं.

पुण्याला आल्यावर शाळेतल्या मॅमनी फोटो परत पाठवले. स्वभावानं चांगल्या आहेत. "छान आहेत, पण हे आजोळ झालं. तुम्ही राहता तिथले आणा ना. जरा स्वच्छ, प्रसन्न." रेवा उशीत तोंड खुपसून रडली.

प्रसन्न! माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून शाळेत गेले. म्हटलं, "मॅम, आमच्या मजल्यावरची माणसं तिला फक्त दारावरच्या पाट्यांवरून माहीत आहेत. तिकडं तिला हाका मारमारून खाऊ घालतात. वस्ती कोणती, ते तिनं ठरवलंय. लावायचे तर हेच लावा. नाहीतर तिची जागा रिकामी ठेवा, पण खाली तिचं नाव लिहा."

शेवटी फोटो लागले, अगदी कोपऱ्यात, पाण्याच्या कूलरजवळ. लागले मात्र.

प्रदर्शनाच्या दिवशी कुणाचे तरी वडील वाकून फोटो बघत होते. त्यांनी सहज विचारलं, "यात तुमचं घर कुठलं गं?"

रेवानं लुगड्याखालून काढलेल्या त्या फोटोवर बोट ठेवलं आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं. "हे," म्हणाली.

बाबांचं घर उजवीकडचं तिसरं. मी तिची चूक दुरुस्त केली नाही. करणारही नाही.