चावून गेलं का बिऱ्हाड केलं

माझी सून सांगलीत विश्रामबागेतल्या फ्लॅटमधी बसून कुठल्या लांबच्या दवाखान्यांचं काम करती. एकेका दुखण्याला कॉम्प्युटरवर नंबर देती. मला साळंतलं कायबी ठावं न्हाई. म्हसवडकडं मेंढरं राखली, तीबी नीट न्हाई. गुडघं गेलं, मेंढरं इकली, आन पोरानं हितं आणून ठिवलं. काम एकच, दुपारी नातीला निजवायचं. ती माझ्या घोंगड्यावरच निजती. तेवढीच माझी नोकरी.

औंदा उन्हाळ्यात नातीच्या पाठीवर लाल फोड आलं. सुनेनं मला म्होरं बसवलं.

"मामा, खरं सांगा. तुमालाबी खाजतंय का?"

"मला जलमल्यापास्नं खाजतंय."

"थट्टा नको. आवं, किडा चावून गेला तर नंबर येगळा, अंगात बिऱ्हाड केलं तर येगळा. ढेकूण चावून अंथरुणात जातो. खरजेचा किडा कातड्याखालीच ऱ्हातो. मग घरातल्या सगळ्यांनाच औषध लावावं लागतं."

"मग मला बिऱ्हाडाचा नंबर दे. मीच तुमच्यात शिरून ऱ्हायलोय न्हवं?"

ती हसली न्हाई. "डॉक्टर काय म्हणत्यात ते कळंस्तवर तिला तुमच्यापाशी निजवू नका," म्हणली आन पोरीला घिऊन दवाखान्यात गेली.

नोकरी जायाची भीती लय वाईट. पिशवीत मेंढरांच्या गोचिडाचं औषध उरलं व्हतं. म्हणलं, घोंगडं मेंढराच्याच लोकरीचं, फकस्त आत मेंढरू न्हाई एवढंच. त्याला सोसंल की! पाण्यात कालवून हातानंच चोळलं, गॅलरीत वाळवलं आन परत हातरलं.

दुपारी सून हसतच आली. "मामा, डास हायती नुसतं! घ्या, निजवा हिला."

पोरगी घोंगड्याकडं पळाली. मी आडवा गेलो. "नगं, नगं! त्याला गोचिडाचं औषध लावलंय."

सुनेनं कपाळाला हात लावला. माझं हात बघितलं, लाल, टम्म सुजल्यालं. "ह्यालाबी नंबर हाय, मामा. पण त्यो किड्यांत न्हाई, इषात."

साबणानं हात धुवून दिलं, मलम लावलं, घोंगडं भाईर काडलं. एक शब्द वाकडा बोलली न्हाई. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता पोरगी आईच्या मांडीवर निजती. सून एका हातानं कॉम्प्युटर चालवती. सुरवातीला पोरगी "आबा, आबा" करून रडायची. मी भाईरच्या खोलीत मलम लावल्यालं हात वर धरून बसायचो. आज रडली न्हाई. लगीच निजली. बरंच झालं म्हणायचं. मीबी लय दमलोय.