काकांना न सांगितलेली ओळ

पेशंटच्या खाटेजवळ गेले की काका आधी उकिडवे बसायचे आणि विचारायचे, “काय खादं?”

“काही नही.”

“आनि चहा?”

पेशंट नजर चोरायचा. दुर्बिणीच्या तपासणीला उपाशी यायचं असतं, पण आमच्याकडे चहा कुणी खाण्यात धरत नाही. डॉक्टरांनी तीनदा विचारूनही न निघालेला तो कप काका क्षणात कबूल करून घ्यायचे.

नंदुरबारच्या त्या लहानशा हॉस्पिटलात ते वॉर्डबॉय होते, वय साठीला टेकलेलं. मी कागदपत्रं बघायची. माझी शाळा इंग्रजी. अहिराणी कळते, बोलायला लाजते. संमतिपत्र मी वाचायची आणि पेशंटला काका समजावायचे. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, पगार सगळ्यात कमी आणि भरवसा सगळ्यात जास्त.

मग काकांच्याच आतड्यात, पित्ताची नळी उघडते तिथे, गाठ निघाली. दुर्बिणीतूनच काढायचं ठरलं.

खाटेवर बसून ते म्हणाले, “आज तू सांग, बेटी. आज मी पेशंट शे.”

मी वाचत, सांगत गेले. एका ओळीवर अडले. पॅन्क्रियाजला सूज येऊ शकते, ती जिवावर बेतू शकते. पोटातली कळ पाठीत गेली तर लगेच परत या. पॅन्क्रियाजला मराठीत काय म्हणतात, ते मला येत नव्हतं. विचारलं असतं तर काका हसले असते, एवढंच.

मी म्हणाले, “आणि थोडंफार पोट दुखेल.”

“थोडंफार ना? मंग चाली.” त्यांनी सही केली.

गाठ काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोरीटला घरी गेले. दुपारी कळ उठली. दुखणारच, म्हणून ओवा चावून दीड दिवस पडून राहिले. मग सुरत, मग आयसीयू. स्वादुपिंड हा शब्द मी तेव्हा शिकले. अठराव्या दिवशी काका गेले.

काकू त्यांचे कागद न्यायला आल्या. माझ्यासमोर बसून हळूच म्हणाल्या, “बेटी, असं व्हई सकस, हाई लिखेल व्हतं का?”

“हो,” मी म्हणाले. लिहिलेलं होतंच.

“मंग त्यासनीच ध्यान दिधं नही. दुन्याले समजाडेत, सोता आयकं नही.”

मी मान खाली घातली. काकूंनी तो होकार धरला. कोरीटमध्ये आता काकांचं नाव निघालं की लोक हेच सांगतात.