माणसाआधी आलेली ट्रंक

त्या घरच्या ज्वारीवर मी बी.ए. झालो. हैदराबादला कॉलेजात असताना आम्ही परभणीकडची तिघं मुलं एका खोलीत राहायचो. आमच्यातल्या एकाची आई चुडाव्याच्या स्टेशनवरून, कुणी येणारा भेटला की, पीठ, चटणी आणि तुपाचा डबा पाठवायची. माझ्या घरून काही येणं शक्यच नव्हतं. डबा उघडताना तो माझ्याकडे बघायचाही नाही. नुसतं म्हणायचा, "दोन भाकरी जास्त थाप रे, आज लय भूक हाय."

या मित्राला गाडी लागायची. मोटार असो की आगगाडी, बसल्या बसल्या त्याचं तोंड पांढरं पडायचं. त्यामुळे खिशात कायम एक लिंबू. नखानं साल खरवडायची आणि हुंगत बसायचं. संस्थान विलीन झालं, आमच्या पदव्या झाल्या आणि तो फौजेत भरती झाला, तेव्हा आमचा तिसरा सोबती म्हणाला, "पायदळच माग बरं का. चालणाऱ्याला गाडी लागत न्हाई." त्याला खरोखरच पायदळाच्या पलटणीत लिहिण्याचं काम मिळालं. तिसरा सिकंदराबादला लष्करी कचेरीत कारकून झाला. मी पालमला मास्तर झालो.

फौजेतल्या मित्राचं लग्न झालं, तो सुट्टीवर येऊन गेला, अधूनमधून त्याची खुशाली कळायची. मग एका उन्हाळ्यात ती बंद झाली. पालमला वर्तमानपत्र शिळं होऊन यायचं. कोरियातली लढाई थांबली, तिथल्या कैद्यांवर पहारा द्यायला आपली फौज जाणार, असं त्यात वाचलं होतं. पण फौज म्हणजे लाखो माणसं. त्यात आपला माणूस असेल, हे डोक्यात आलं नाही.

श्रावणात एका दुपारी त्याचा चुलता शाळेच्या ओसरीत येऊन उभा राहिला. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, हातात वहाणा. मी वर्ग सोडून बाहेर आलो.

"मास्तर, त्याची पेटी आली," तो म्हणाला.

"आणि तो?"

"तो न्हाई. नुसती पेटी. चुडाव्याला रेल्वेनं आली. धोतरं हायत, कोट हाय, लग्नातला फेटा हाय. वहाणासुदिक हायत. चिठ्ठी न्हाई, काही न्हाई."

मी म्हटलं, जास्तीचं सामान पाठवून दिलं असेल.

चुलत्यानं मान हलवली. मागच्या मोठ्या लढाईत शेजारच्या गावचा एक जण गेला होता. त्याचीही अशीच आधी पेटी आली होती आणि सरकारी कागद पुढच्या महिन्यात. गावानं ते पाहिलं होतं. म्हणून ट्रंक बैलगाडीतून उतरताच बायांनी गळा काढला होता.

"पोळ्यापतुर थांबतो," तो म्हणाला. "मंग भटजीला बोलावतो. दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा लागल. जीव असा किती दिवस लटकत ठिवायचा? पण सूनबाई ऐकायला तयार न्हाई. तुमी सांगा तिला. तुमी संगं शिकलेले."

मला सांगायचं काय होतं? मी रविवारी गेलो. ट्रंक ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. आई तिच्याकडे पाठ करून बसली होती. मला पाहून ती म्हणाली, "आलास का लेकरा," आणि पदर तोंडाला लावला. शेजारच्या दोन बाया आल्या होत्या. त्यातली एक आतल्या दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "कुकू बघा केवढं लावलंय! जत्रंला चालल्यावानी."

आतून मित्राची बायको बाहेर आली. कुंकू खरंच मोठं होतं, नेहमीपेक्षा मोठं. त्या बाईकडे तिनं पाठ केली. मला म्हणाली, "भावजी, तुमी शिकलेले. ट्रंक आली म्हणून माणूस गेलं, असं कोणत्या पुस्तकात हाय का?"

"नाही वहिनी."

"मंग ते जित्ते हायत, असं सांगा समद्यास्नी."

ते मला सांगता येईना. तिला ते लगेच कळलं, आणि ती आत निघून गेली. पुतळा जाळला की तिच्या बांगड्या फुटणार होत्या. मागून तो परत आला असता तरी ती घटका कुणाला पुसता आली नसती. मी आईला म्हणालो, "मी सिकंदराबादला जाऊन येतो. तोवर काही करू नका." चुलता म्हणाला, "पोळ्यापतुर."

मुख्याध्यापकांनी रजा दिली, पण वर्ग कोण सांभाळणार हे तीनदा विचारलं. गाडीत मला बसवेना. दर स्टेशनला उतरून फलाटावर फेऱ्या मारायचो. मी काय विचारणार, कुणाला विचारणार, आणि उत्तर वाईट निघालं तर त्या ओसरीवर कसा जाणार? ज्यांच्या पिठावर मी शिकलो त्यांच्या घरी शिकलेला म्हणून मी हीच बातमी न्यायची का?

सिकंदराबादचा सोबती मला पाहून घाबरला. "पलटणीचं काही विचारू नकोस बाबा, नोकरी जाईल," म्हणाला. मी ट्रंकेचं सांगितलं. मग त्यानं टोपी घातली आणि तो मला बराकीमागच्या चहाच्या दुकानात घेऊन गेला. तिथं एक पंजाबी हवालदार बसायचा. मद्रासला माणसं जहाजावर चढवून तो नुकताच परतला होता. सोबत्यानं मित्राचं नाव सांगितलं, पलटण सांगितली. हवालदारानं डोकं खाजवलं. नावं त्याच्या लक्षात राहत नव्हती.

मी म्हणालो, "परभनी का है. लिखने का काम करता है. गाडी में बैठा के उलटी करता."

हवालदारानं कप खाली ठेवला. "अरे, वो नींबूवाला बाबू!"

आणि तो हसायलाच लागला. कोरियाला जाणारं जहाज अजून धक्क्याला बांधलेलं होतं, सुटलंही नव्हतं, आणि हा बाबू कठडा धरून ओकत होता. खिशातून लिंबू काढून हुंगायचा, पुन्हा ओकायचा. सगळी पलटण त्याला हसत होती. जास्तीचं सामान घरी पाठवा असा हुकूम होता. घरी काय कळवलंस म्हणून हवालदारानं विचारलं, तर म्हणाला, समुद्रापलीकडे चाललोय हे ऐकून आई जेवण सोडेल, पोचल्यावर लिहीन.

"शहाणा!" आमचा सोबती म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

परतीची गाडी रखडली. चुडाव्याला उतरलो तेव्हा पोळ्याची दुपार कलली होती. चिखलातून चालताना दूरवर वाजंत्री ऐकू येत होती, आणि माझं लक्ष एकाच गोष्टीवर होतं. सुतक धरलं असेल तर त्या घरचे बैल आज न सजवता उघडेच असतील.

शिवेजवळच त्यांचं घर, अंगणात बैल दिसले. एका बैलाची शिंगं रंगवलेली होती, दुसऱ्याची कोरी. सालगडी रंगाचं भांडं हातात घेऊन उभा होता. समोर चुलता. आणि सूनबाई, सगळ्या गावादेखत, सालगड्याला म्हणत होती, "रंगव म्हणते न् मी!"

मी तिथूनच ओरडलो, "जित्ता हाय! जहाजानं कोरियाला गेलाय!"

आई ओसरीवरून उतरली. "तू डोळ्यानं बघितलास?"

"नाही. बघणारा भेटला."

"समदी फौज सारकीच दिसती रे. त्यानं दुसराच बघितला आसंल."

मग मी ओकण्याचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली. सूनबाई मात्र मटकन पायरीवर बसली आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. "वरातीच्या गाडीत बी हेच केलंतं," ती म्हणाली. "माझ्या शालूवर!" आणि मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

चुलत्यानं सालगड्याच्या हातातलं भांडं घेतलं आणि दुसऱ्या बैलाची शिंगं स्वतः रंगवली. त्या घरचे बैल तोरणाखालून सगळ्यात शेवटी गेले. रंग ओला होता, तो चुलत्याच्या धोतराला लागला. आम्ही परत आलो तेव्हा ट्रंक उघडी होती, आणि अंगणातल्या दोरीवर धोतरं, कोट, फेटा, सगळं वाळत घातलेलं होतं, रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असं.